गावाच्या पैशाचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला व्याख्यानाची सवय नाही. पाच वर्षे मी एका लहानशा गावची सरपंच होते, आणि त्या काळात पाहिले, शिकले व चुकले, तेवढेच माझे भांडवल. त्यातील चुकण्याचा भाग मी आज विशेष सांगणार आहे. कारण शहाणपण पुस्तकातही मिळते, चूक मात्र ज्याची त्यानेच सांगावी लागते.

विषय आहे, सरकार खेड्याच्या सुधारणेसाठी जो पैसा देते तो गावात कसा पोहोचतो आणि कसा खर्च होतो. आपणांपैकी काहीजणी मनात म्हणतील, हा विषय पुरुषांचा आणि कचेरीचा. हळदीकुंकवाच्या दिवशी हा रूक्ष हिशेब कशाला? पण भगिनींनो, आपण तालुक्याच्या गावी राहत असलो तरी आपल्यातील पुष्कळजणींचे माहेर नाही तर सासर खेड्यातच आहे. आणि महिन्याचा पगार किराणा, दूध, औषधपाणी आणि मुलांची फी यांत बसवून शिवाय डब्यात चार पैसे शिल्लक टाकणाऱ्या आपण बायका. हिशेब हा आपलाच विषय होय.

प्रथम थोडा इतिहास सांगते. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास योजना सुरू झाली. गट पाडले, अधिकारी नेमले, ग्रामसेवक आले. हेतू उत्तम होता; परंतु पाच वर्षांनी, १९५७ साली, बलवंतराय मेहता समितीने पाहणी केली तेव्हा असे दिसून आले की, गावकऱ्यांना ही योजना आपली वाटतच नाही. सरकारने आणून दिले तर घ्यायचे, नाही दिले तर गप्प बसायचे! समितीने सांगितले, लोकांनी निवडलेल्या संस्थांच्या हाती अधिकार आणि पैसा दोन्ही द्या. आपल्याकडे १९५८ साली ग्रामपंचायतीचा कायदा झाला, आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. अधिकार मिळाले, पैसा मात्र बराच काळ वरूनच, अमुक योजनेचा अमुक कामासाठी, असा बांधून येई. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती झाली, ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. पंचायतींना घटनेत स्थान मिळाले, स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. माझ्यासारखी बाई सरपंचाच्या खुर्चीवर बसली ती या तरतुदींमुळे. माझ्या कर्तबगारीने नव्हे.

पैशाच्या बाबतीत खरा फरक पडला तो २०१५ साली. चौदाव्या वित्त आयोगाने खेड्यांसाठी शिफारस केलेला निधी पाच वर्षे सरळ ग्रामपंचायतींच्या वाट्याला गेला. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात त्याची वाटणी ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० अशी ठरली.

कोटींचे आकडे ऐकले की आपले डोळे फिरतात. म्हणून आपण ते आपल्या घरच्या मापात आणू. समजा, एका गावाला या आयोगाचे वर्षाला १० लाख रुपये मिळाले. त्यांतील ६ लाख ‘बंधित’, म्हणजे ठरवून दिलेल्या कामासाठीच: ३ लाख पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, ३ लाख स्वच्छतेसाठी आणि गाव हागणदारीमुक्त राखण्यासाठी. उरलेले ४ लाख ‘अबंधित’; ते गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरावेत, मात्र त्यांतून पगार व कचेरीचा खर्च भागवायचा नाही. किराण्याचे पैसे वेगळ्या डब्यात आणि सणावाराचे वेगळ्या डब्यात ठेवावेत, तसाच हा प्रकार. पुष्कळ सरपंच या बंधनावर नाराज असत. मीही होते. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे: डबे वेगळे नसते तर पाण्याचा पैसा कमानीत आणि देवळापुढच्या फरशीत गेला असता. कमान रस्त्यावरून दिसते; जमिनीखालची नळी कोणाला दिसत नाही.

हा पैसा खर्चायचा कसा, याचीही रीत आहे. ग्रामपंचायतीने दरवर्षी गावाचा विकास आराखडा करायचा. आपल्याकडे त्या मोहिमेला ‘आमचं गाव, आमचा विकास’ असे नाव दिले गेले. आराखड्याला ग्रामसभेची मान्यता घ्यायची. मग अभियंत्याने कामाचे अंदाजपत्रक करायचे, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता मिळवायची, कार्यारंभ आदेश द्यायचा, झालेल्या कामाचे माप मोजमाप पुस्तिकेत उतरवायचे, आणि त्यानंतरच देयक अदा करायचे. २०२० सालच्या एप्रिलपासून आराखडा व खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ या संगणकीय व्यवस्थेवर चढू लागला. धनादेशावर सही करून पैसे देण्याऐवजी सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्यांनी पैसे जाऊ लागले. ती सही एका लहानशा वस्तूत असते. बोटाएवढी असते, तिला गावात सगळे ‘डोंगल’ म्हणतात.

आता माझी चूक सांगते.

२०२१ च्या जानेवारीत आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. सरपंचपद स्त्रियांसाठी निघाले आणि ते माझ्याकडे आले. पहिले वर्षभर मी सभेला जाई, खुर्चीवर बसे, आणि दाखवतील तिथे सही करी. डोंगल हातात आले त्या दिवशी मी ते आमच्या ह्यांच्याकडे दिले. ह्यांचा हेतू वाईट नव्हता. “तुला कशाला कचेरीचे हेलपाटे?” एवढेच ते म्हणाले, आणि मलाही बरे वाटले. घरातले जेवण, गोठा, सासूबाईंचे दुखणे. त्यात तो संगणक कोण शिकणार? पुढे ह्यांनाही कंटाळा आला आणि डोंगल पंचायतीच्या संगणकावर काम करणाऱ्या मुलाच्या खणात राहू लागले. म्हणजे सही माझी, आणि हात कोणाचा ते मलाही ठाऊक नाही!

आमच्या गावाला एक वरची वस्ती आहे. अडतीस घरे. तेथील बायका उन्हाळ्यात उतारावरच्या विहिरीवरून हंडे वाहत. २०२१-२२ च्या आराखड्यात बंधित निधीतून त्या वस्तीला सुमारे ६०० मीटर नळी आणि टाकी धरली होती. मार्च महिन्यात घाईघाईने काम झाले. मार्चअखेरची घाई कशी असते हे आपणांस सांगायला नको. टाकी उभी राहिली, नळाच्या तोट्या बसल्या, देयक निघाले. मी कामावर एकदाही गेले नव्हते.

एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी मी अंगण झाडत होते. वरच्या वस्तीतल्या एक म्हाताऱ्या मावशी रिकामा हंडा काखेला घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी म्हटले, “मावशी, या, बसा.” त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, “सरपंचबाई, कागदावर माझ्या घरी पाणी आलंय म्हणं. नातवानं फोनवर दाखवलं. मग हंड्यात का येत नाही, तेवढं इचारायला आले.”

भगिनींनो, त्या ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर मी उत्तर दिले असते. पण त्यांनी फक्त विचारले. नातवाने दाखवलेले खोटे नव्हते. काम पूर्ण, पैसे अदा, आणि खाली दोन सह्यांपैकी एक माझी.

त्या दिवशी दुपारी मी डोंगल खणातून परत आणले. ह्यांना थोडा राग आला; दोन दिवस घरात बोलणे कमी होते. मग मी भाऊसाहेबांकडे, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांकडे, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका मागितली. ते गृहस्थ सरळ होते, पण त्यांच्याकडे आणखी एका गावाचा कारभार होता आणि त्यांचा निम्मा दिवस तालुक्याच्या बैठकांत जाई. अंदाजपत्रकाचे कागद आम्ही दोघांनी मिळून वाचले. नळी तीन फूट खोल पुरायची, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

आपल्या कायद्यात एक सोय आहे, तिचा मला तेव्हा उपयोग झाला. नियमित ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यायची असते आणि तिचे म्हणणे ग्रामसभेपुढे ठेवायचे असते. आमच्याकडे ही महिलासभा वर्षानुवर्षे वहीतच भरत असे. शिपाई घरोघर वही फिरवी आणि बायका सही नाही तर अंगठा देत. १ मे २०२२ ला ग्रामसभा होती. ३० एप्रिलला मी शाळेच्या पडवीत खरी महिलासभा बोलावली. चाळीस-पन्नास बायका आल्या. मी अंदाजपत्रक मोठ्याने वाचले आणि माझ्या सहीची हकीकत लपवली नाही. क्षणभर कोणी बोलले नाही. मग वरच्या वस्तीतली एक सून म्हणाली, “तीन फूट म्हंजे आपल्या कमरेइतकं. खणून बघू की.”

आणि आम्ही खणून पाहिले. पाच ठिकाणी बायकांनीच कुदळ मारली. दोन ठिकाणी नळी बरोबर खोलीवर होती. तीन ठिकाणी ती वीतभर मातीखाली निघाली, आणि गाडीवाटेला तर ट्रॅक्टरच्या चाकाने चिरडलेली होती. पाणी तेथेच मुरत होते.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ठराव झाला. कंत्राटदाराचे देयक गेले होते, परंतु त्याची सुरक्षा अनामत पंचायतीकडे शिल्लक होती आणि दोष दुरुस्त करण्याची मुदतही संपली नव्हती. ती अनामत रोखून धरली म्हणून तो पुन्हा कामावर आला, नाही तर आला नसता. पावसाळ्यापूर्वी बहुतेक नळी पुन्हा खोल पुरली गेली. पण गाडीवाटेखाली नळीला संरक्षण घालण्याची तरतूद अंदाजपत्रकातच नव्हती. तो दोष कंत्राटदाराचा म्हणता येईना. तेवढ्या कामाला पुढल्या वर्षी अबंधित पैसा घालावा लागला, कारण पाण्याचा बंधित भाग दुसऱ्या वस्तीसाठी आधीच ठरला होता. तो अबंधित पैसा आम्ही अंगणवाडीच्या छपरासाठी राखला होता. छप्पर एक वर्ष लांबले. त्या पावसाळ्यात पोरे गळक्या खोलीत बसली, ती माझ्या न वाचलेल्या सहीमुळे. मावशींच्या हंड्यात पाणी आले. पण हा हिशेब मी अजून मनातून पुसू शकलेले नाही.

या प्रकरणातून मी जे शिकले ते थोडक्यात सांगते.

गावाचा पैसा वाया जातो तो सगळाच चोरीने जातो, असे नाही. तो तीन ठिकाणी गळतो. पहिली गळती यादीत. आराखडा करताना कोण हजर असते, यावर कोणाचे काम यादीत चढते हे ठरते. जो पारावर बसतो त्याला पाराची फरशी सुचते. जी हंडा वाहते तिला नळ सुचतो. तिला बोलावलेच नाही, तर यादी लबाडीशिवायही चुकते. दुसरी गळती मापात. अंदाजपत्रकात एक आणि जमिनीत दुसरे. हे अभियंत्याशिवाय समजत नाही, असा आपला समज असतो. पण तीन फूट खोल आहे की वीतभर, हे कुदळ मारणाऱ्या बाईला समजते. तिसरी गळती काळात. पैसा उशिरा येतो, मान्यता उशिरा मिळते, आणि मग मार्चअखेरीला खर्च दाखवण्यासाठी काम उरकले जाते. उरकलेला स्वयंपाक जसा लागतो, तसेच ते काम टिकते.

सरकारकडेही माझी एक तक्रार आहे. नियम चांगले असतात, पण नियम चालवणारे हात पुरवले जात नाहीत. एका ग्रामसेवकावर दोन-तीन गावे, एका अभियंत्यावर डझनावारी गावे. मग माप टेबलावर बसून लिहिले गेले, तर नवल काय? हिशेब संगणकावर चढला म्हणजे तो खरा झाला, असा समज वरच्या मंडळींनी करून घेऊ नये. आमचे काम संगणकावर पूर्णच होते.

त्याचबरोबर आपणही सगळे सरकारवर ढकलू नये. नळी सरकारच्या पैशाने येते. पण रोज पाणी सोडणाऱ्याचा पगार, पंपाची दुरुस्ती, फुटलेली तोटी, हे पाणीपट्टीतून भागवायचे असते. आमच्या गावात भरपूर सोयऱ्याधायऱ्यांची पाणीपट्टी थकलेली होती. पहिले नाव माझ्या चुलतदिरांचे होते! ती मी वसूल केली. दिवाळीला त्यांनी फराळ पाठवला नाही. एवढी किंमत सार्वजनिक कामात द्यावी लागतेच.

कोणी म्हणेल, अशाने गाव कुठे सुधारते? मी आपणांस हिवरे बाजारचे उदाहरण देते. अहिल्यानगर जिल्ह्यातले हे दुष्काळी गाव. १९८९ साली श्री. पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. गावाने बंधारे बांधले, चर खणले, झाडे लावली, ती सरकारी योजनांच्याच पैशाने आणि स्वतःच्या श्रमदानाने. तशा योजना इतर गावांनाही होत्या. निराळे होते ते हे, की पाणी किती आहे हे दरवर्षी मोजायचे, त्यावर कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे, आणि सिंचनासाठी विंधनविहिरी घ्यायच्या नाहीत, हे नियम त्या गावाने स्वतः केले आणि पाळले. पैसा बाहेरून आला. शिस्त मात्र गावाच्या आतून आली. आपल्यापुढे धडा हाच आहे.

आता मंडळाने काय करावे, याबद्दल माझी नम्र सूचना. मंडळ दरवर्षी स्नेहसंमेलन, सहल, शिवणवर्ग करते. ते चालू राहावेच. त्यात एका कामाची भर घालावी. आपल्या सभासदांपैकी ज्यांचे मत गावात आहे, त्यांनी महिलासभेला आणि ग्रामसभेला जावे. आर्थिक वर्षात निदान चार ग्रामसभा व्हाव्यात, असा नियम आहे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी संख्या पुरते. म्हणजे शे-सव्वाशे बायका जरी निश्चयाने गेल्या तरी त्यांच्या बळावर सभा उभी राहते! आणि ज्यांचे मत गावात नाही, त्यांनी निदान माहेरच्या भावजयीला आणि सासरच्या जावेला ही गोष्ट सांगावी.

सभेत मोठे भाषण करण्याचे कारण नाही. चार साधे प्रश्न विचारावेत. यंदा किती पैसे आले, बंधित किती आणि अबंधित किती? कोणती कामे घेतली, आणि ती कोणत्या वस्तीत? अंदाजपत्रकात काय लिहिले आहे, ते वाचून दाखवाल का? गेल्या वर्षीचे काम आज चालू आहे का? शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम स्त्रिया व मुले यांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. ती कशावर खर्च झाली, हेही विचारावे. उत्तर वहीत लिहून घ्यावे. विचारणाऱ्या बाईला पहिल्या सभेत लोक हसतात, दुसऱ्या सभेत तिच्यावर रागावतात, आणि तिसऱ्या सभेत कागद तयार ठेवतात. हा माझा अनुभव आहे.

आणि आपल्यापैकी कोणी उद्या पंच किंवा सरपंच झाली, तर तिला थोरल्या बहिणीच्या नात्याने एवढेच सांगते: मंगळसूत्र जसे दुसऱ्याच्या हाती देत नाही, तशी आपली सहीही देऊ नकोस. नवऱ्याच्या नाही, दिराच्या नाही, कचेरीतल्या मुलाच्याही नाही. संगणक येत नसेल तर शीक; मी पन्नाशी उलटल्यावर शिकले. कागद समजत नसेल तर वाचून घे, आणि काम पाहिल्याशिवाय सही करू नकोस.

त्या मावशी गेल्या वर्षी वारल्या. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी सुनेला सांगून मला त्यांच्या नळाचे पाणी तांब्याभर द्यायला लावले. मी ते प्याले. नळ चालू होता.

मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि पुढच्या वर्धापनदिनी आपल्यापैकी निदान दहाजणींनी येथे उभे राहून आपापल्या गावच्या सभेची हकीकत सांगावी, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.